खोडलेला खाऊ

आम्रपालीबद्दल लिहायचं तर आधी माझ्या लाल पेनाबद्दल सांगायला हवं. तो अजूनही माझ्या खिशात असतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तपासायला वह्या कुणी देत नाही, तरी असतो. लग्नाची पत्रिका आली की मी आधी तिच्यातल्या चुका काढतो आणि मग तारीख बघतो. आमची बायको रंभा म्हणते, "तुमच्या तेराव्याची पत्रिका तुमीच तपासून ठेवा, म्हंजी मागं कटकट न्हाई."

मी मूळचा पिंपळे सौदागरचा. आता जिथे बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत तिथे आमचा ऊस होता. घरात सगळे 'व्हय' आणि 'न्हाई' बोलायचे, मीही बोलायचो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'माझं पुस्तक'ऐवजी 'मपलं पुस्तक' म्हणालो आणि पोरं पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. कष्टानं मिळवलेल्या गोष्टीचा माणसाला जरा जास्तच माज असतो. मला शुद्ध मराठीचा होता. हे सुरुवातीलाच कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

दापोडीच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आम्रपाली सातवीत माझ्या वर्गात आली. रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत राहायची, वडील पिंपरीच्या एका कारखान्यात मशीनवर, आई कस्तुराबाई घरी शिवणकाम करायची. पोरगी बोलायची कमी, पण एकदा हात वर केला की माझी पंचाईत. एकदा धड्यात वाक्य आलं, 'गडावर सुमारे तीनशे माणसे होती.' हिनं विचारलं, "सर, सुमारे म्हणजे नक्की किती?" वर्ग हसला. मी म्हणालो, "सुमारे म्हणजे सुमारे. बस खाली." ती बसली. पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं की तिला हे पटलेलं नाही.

पुढे ती विज्ञानाकडे गेली, रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि तेरा वर्षांपूर्वी एका खासगी संशोधन संस्थेत सर्वेक्षणाच्या कामाला लागली. एका रविवारी पेढे आणि कागदांची फाइल घेऊन घरी आली. लहान मुलं रोज काय आणि किती खातात, याची माहिती दापोडी, पिंपरी, चिखली या भागातल्या चारशे घरांत जाऊन गोळा करायची होती. प्रश्नावली इंग्रजीत होती. तिचं मराठी तिनं केलं होतं आणि ते माझ्याकडून तपासून हवं होतं. खाली 'अनुवाद तपासला' म्हणून सही करायला एक चौकोनही होता. विद्यार्थिनी इतक्या वर्षांनी तपासून घ्यायला आली म्हटल्यावर मी फुगलोच.

तिचा पहिला प्रश्न होता: 'काल दिवसभरात मुलानं काय काय खाल्लं? येताजाता खाल्लेला खाऊसुद्धा सांगा.'

मी लाल पेन काढला. 'येताजाता' खोडलं. 'खाऊ' खोडला आणि समासात लिहिलं, 'बालबोध शब्द. प्रौढ भाषा वापरावी.' वर नवं वाक्य घातलं: 'काल आपल्या पाल्याने दिवसभरात कोणकोणता आहार घेतला?' मोठ्यानं वाचून दाखवलं. काय ठसठशीत वाक्य होतं!

रंभा चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबून म्हणाली, "आहार? आहार कोन खातं वो? पोरं खाऊ खात्यात."

"तू गप," मी म्हणालो. आम्रपाली काहीतरी बोलणार होती, पण सरांपुढे बोलायची सवय तिला मीच लावली नव्हती. मी चौकोनात सही ठोकली. तिनं फाइल बंद केली, आणि मी दोन पेढे खाल्ले.

सर्वेक्षण झालं, अहवाल छापून आला. त्यावर पहिलं नाव आम्रपालीचं होतं. त्याची एक प्रत तिनं मला आणून दिली, ती मी शोकेसमध्ये ठेवली. वाचली मात्र नाही, इंग्रजीत होती.

त्यानंतर तिचं चांगलं चाललं होतं. चाकणच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. ही कंपनी खाद्यपदार्थ बनवत नाही, खाद्यपदार्थात घालायच्या वस्तू बनवते: रंग, वास, आणि पदार्थ मऊ पडू नये, फिका पडू नये म्हणून घालायच्या पावडरी. रोज सकाळी सव्वासातला ती नाशिक फाट्यावर कंपनीची बस पकडते आणि मोशीच्या पुढच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास अडकून चाकणला पोचते. तिचं काम कागदांचं. कुठलीही नवी पावडर बाजारात आणायची तर सरकारी परवानगी लागते, आणि त्या परवानगीसाठी जी फाइल जाते ती आम्रपाली बांधते. कंपनीत तिला 'फाइलवाल्या मॅडम' म्हणतात.

माझी समजूत अशी होती की सरकार असल्या वस्तू आपल्या प्रयोगशाळेत नेतं, काचेच्या नळ्यांत घालून बघतं आणि मग शिक्का मारतं. एकदा मी तसं म्हणालो तर ती हसली.

"सर, सरकार चाखत नाही. सरकार वाचतं. अभ्यास कंपनीनं करायचा, नाहीतर पैसे देऊन करून घ्यायचा, आणि कागद पाठवायचे. तिथे जाणकारांची समिती बसते. ती कागद वाचते आणि ठरवते."

"आणि कागदात काय असतं?"

"मुख्य म्हणजे दोन आकडे. एक उंदरांचा, एक माणसांचा." तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दाखवलं. उंदरांना ती वस्तू रोज खायला घालतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. ज्या मात्रेपर्यंत त्यांना काही म्हणता काही होत नाही, ती मात्रा घ्यायची आणि तिला शंभरानं भागायचं. उंदरापेक्षा माणूस नाजूक असू शकतो म्हणून दहा, आणि माणसामाणसांत फरक म्हणून आणखी दहा. दाही दाही शंभर. जे उत्तर येईल तेवढं माणसानं जन्मभर रोज खाल्लं तरी चालेल, असं धरतात. "ही झाली मर्यादा. मग लोक ती वस्तू प्रत्यक्षात रोज किती खातात ते शोधायचं. हा दुसरा आकडा पहिल्याच्या खाली बसला की वस्तू सुरक्षित."

"मग बरंय की. शंभरपट म्हणजे चांगली राखून ठेवलेली जागा आहे."

"चांगली आहेच, सर. फक्त उंदरांना वजन करून घालतात. माणसांना विचारावं लागतं."

त्या वेळी मी मान डोलावली. विचारायचं म्हणजे शब्द आले, आणि शब्द म्हटले की आमच्यासारखे आले, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिच्या टेबलावर 'के-सहा'ची फाइल आली. के-सहा ही त्यांच्याच कंपनीची पावडर. शाळेबाहेरच्या टपऱ्यांवर पिवळ्या नळ्यांच्या माळा लटकलेल्या असतात ना, मुलं पाची बोटांत घालून एकेक कुरकुर खातात त्या, त्यांच्या पिठात ती घालतात. तिच्यामुळे नळी चार महिने कुरकुरीत राहते. परवानगी आधीपासून होती. आता कंपनीला तिचं प्रमाण दुप्पट करायचं होतं, म्हणजे नळ्या आठ महिने टिकल्या असत्या. अर्जात मुलं रोज किती नळ्या खातात तो आकडा लागणार होता. तो तयारच होता. नळ्या, गोळ्या, असलं सगळं मिळून सगळ्यात जास्त खाणारं मूलसुद्धा दिवसाला नऊ ग्रॅम खातं. आकडा आम्रपालीच्याच जुन्या अहवालातला. आपलं काम आपल्याच उपयोगाला आलं म्हणून तिला बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे चव-चाचणी होती. दुप्पट के-सहावाल्या नळ्यांच्या बारा थाळ्या, प्रत्येकीतल्या दोन खाऊन गुण द्यायचे. आम्रपाली अकरा वाजता बसली, साडेबाराला उठली. तेवढ्यात कस्तुराबाईंचा फोन आला. रोज येतो.

"जेवलीस का गं?"

"नाही आई. सकाळपासून काहीच खाल्लं नाही."

फोन ठेवला आणि तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. पेरं पिवळी झाली होती. चोवीस नळ्या पोटात होत्या आणि ती आईला खोटं बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. हे तिनं मला नंतर सांगितलं. तिनं लगेच उलटा फोन लावला.

"आई, श्रद्धानं काय खाल्लं आज?" श्रद्धा म्हणजे तिच्या भावाची, बुद्धभूषणची, सहा वर्षांची मुलगी. तो आणि बायको दोघंही शिफ्टमध्ये, म्हणून पोर दिवसभर आजीपाशी.

"कुठलं काय! दोन घास वरणभात, अर्धी पोळी. ही पोरगी काही खातच नाही बघ."

"आणि खाऊ?"

"खाऊ होय? सकाळी एक पुडा दिला नळ्यांचा, अकराला शाळा सुटल्यावर एक, आणि आत्ता रडत होती म्हणून एक."

"मग तू म्हणतेस काही खात नाही!"

"अगं, ते काय खाणं आहे? तो खाऊ आहे!"

पंधरा ग्रॅमचा एक पुडा. तीन पुडे, पंचेचाळीस ग्रॅम. कागदावर नऊ.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली. हातात जुन्या मसुद्याची झेरॉक्स होती. माझ्या लाल खुणा झेरॉक्समध्ये काळ्या झाल्या होत्या, पण अक्षर माझंच. 'बालबोध शब्द. प्रौढ भाषा वापरावी.' मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. चारशे आयांना आम्ही विचारलं होतं, पाल्याने कोणता आहार घेतला? 'आहार' म्हटल्यावर बायका दवाखान्यात बसल्यासारख्या सावरून बसल्या असणार आणि पोळी, भाजी, वरण, भात, दूध अशी यादी दिली असणार. ज्या थोड्यांनी नळ्या सांगितल्या त्याही बिचकत, एखाददुसरी. एकही बाई खोटं बोलली नव्हती. बारा वर्षं त्या नऊ ग्रॅमवर फायली पुढे सरकत होत्या, इतर कंपन्यांच्यासुद्धा, कारण मराठी मुलखातला छापलेला तेवढा एकच आकडा होता.

"तरी मी म्हनत हुते," रंभा स्वयंपाकघरातून म्हणाली. यापुढे हे वाक्य मला मरेपर्यंत ऐकायचं आहे.

मी विचारलं, "मुलांना अपाय होतो का?"

तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. अठरा किलोच्या मुलाची मर्यादा दिवसाला नव्वद मिलिग्रॅम. आजच्या प्रमाणानं पंचेचाळीस ग्रॅम नळ्यांतून बरोबर नव्वद जातात, म्हणजे अगदी काठावर. प्रमाण दुप्पट झालं तर एकशे ऐंशी. "म्हणून उद्या कुणी आजारी पडेल असं नाही, सर. शंभरपट राखलेल्या जागेतली निम्मी गेली, एवढंच. पण ती कुणाला न विचारता गेली. आणि ज्या मुलानं चार पुडे खाल्ले, ज्याचं वजन चौदाच किलो आहे, त्याचं काय, ते मला माहीत नाही. कुणालाच नाही."

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आला कंपनीचा. म्हणालो, "त्या फाइलीवर सही करू नकोस. साफ सांग त्यांना."

तिनं सांगितलं. तिच्या विभागाचा प्रमुख प्रितम, वयानं तिच्याहून चार वर्षांनी लहान. मी त्याला मनातल्या मनात खलनायक करून ठेवला होता, पण तसा तो नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मग म्हणाला, "मॅडम, तुमचा पॉइंट बरोबर आहे. पण प्रूफ काय?"

तिनं पुढच्या रविवारी स्वतःच्या गल्लीतल्या चौदा घरांत जाऊन दोन्ही प्रश्न विचारले. 'आहार' विचारला की सात-आठ ग्रॅम. 'खाऊसकट सांगा' म्हटलं की तीस, चाळीस, पन्नास. तो कागद तिनं प्रितमपुढे ठेवला.

"चौदा घरं म्हणजे सर्व्हे नाही ना, मॅडम."

"मग नवा सर्व्हे करू. मोठा."

"करू की. पण प्रश्नावली प्रमाणित लागेल, म्हणजे आधी वापरलेली, छापून आलेली, नाहीतर समिती रिजेक्ट करेल. मराठीत प्रमाणित कुठली आहे?"

मराठीत प्रमाणित प्रश्नावली एकच होती. तिची स्वतःची. 'आहार'वाली, माझ्या सहीची. ती वापरायची तर एक शब्द बदलता येत नाही, बदलला की ती प्रमाणित राहत नाही. चुकीचा प्रश्न चुकीचा आहे हे दाखवायचं, आणि तेही तोच प्रश्न विचारून!

मग तिनं जुन्या संस्थेला गाठायचं ठरवलं. अहवालात दुरुस्ती छापून आणता आली तर मार्ग निघाला असता. संस्था चार वर्षांपूर्वीच बंद पडली होती. जागेवर आता फर्निचरचं दुकान आहे. संस्था गेली, आकडा मात्र धडधाकट होता.

"राजीनामा दे," मी म्हणालो. माझं काय जातं? मला पेन्शन आहे.

"दिला तर, सर? माझ्या खुर्चीवर दुसरी कुणीतरी येईल. तिला वाटेल नऊ म्हणजे नऊ. मी गेले की हे माहीत असणारं तिथे कुणी उरणारच नाही."

"मग सही करू नकोस, पण नोकरी धरून राहा."

"प्रितमसर करतील ना सही. त्यांनाही अधिकार आहे."

"थेट समितीला लिही."

"नोकरीला लागताना गुप्ततेचा करार केलाय. आणि करार मोडून लिहिलं तरी काय लिहू? की बारा वर्षांपूर्वीचा माझाच आकडा चुकीचा आहे? ते विचारतील, बाई, इतकी वर्षं झोपला होतात का?" ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मला रात्री ट्रॅफिकमध्ये बसल्यासारखं वाटतं सर. पुढे जाता येत नाही, उतरताही येत नाही."

तेव्हा मी म्हणालो, "मी लिहितो. शब्द माझा, चूक माझी. मी कुणाशी करार केलेला नाही."

आयुष्यात कुठल्या पत्रावर मी इतके कष्ट घेतले नसतील. तीन वेळा लिहिलं. पहिल्यात 'अनवधानाने' आलं, ते खोडलं, कारण अनवधान कसलं, मी चांगला जागा होतो. शेवटी साध्या भाषेत लिहिलं: 'या प्रश्नावलीतला आहार हा शब्द मी घातला. मूळ मसुद्यात खाऊ होता, तो मी खोडला. आमच्याकडे आया खाऊला आहार समजत नाहीत, खाणंसुद्धा समजत नाहीत. त्यामुळे या प्रश्नावर मिळालेली उत्तरं खऱ्याहून पुष्कळ कमी आहेत. नऊ ग्रॅम हा आकडा वापरू नये.' खाली सही, तारीख, पत्ता, मोबाइल नंबर. रंभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आत्ता कसं मान्सावानी लिव्हलंय."

आम्रपालीनं ते प्रितमपुढे ठेवलं. तिला वाटलं होतं भांडण होईल. तो वाचून म्हणाला, "लावू की. ट्रान्सपरन्सी चांगली दिसते. पण मॅडम, पत्र लावायचं तर फाइल तुमच्या सहीनं जाऊ दे. मी सही केली तर मला ते पत्र एक्स्प्लेन करावं लागेल. तुम्ही कराल, तर तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे सही केली तरच सत्य फाइलीत जाणार. सही केली नाही तर फाइल जाणार, सत्य मागे राहणार. दोन दिवस तिनं विचार केला. मला फोन करून विचारलं, "सर, करू का?" मी म्हणालो, "कर. समितीत शिकलेली माणसं आहेत. वाचतील." हेही माझंच वाक्य.

तिनं सही केली. नऊशे चाळीस पानांची फाइल गेली. तिच्यात माझं पत्र जोडपत्र चौदा.

सहा महिने गेले. मोबाइल वाजला की मला वाटायचं समितीतून आला असेल. उत्तरं तयार करून ठेवली होती. एकदा बँकेतून क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा फोन आला तर तिलाच मी 'आहार' आणि 'खाऊ'तला फरक सांगायला लागलो होतो.

ऑक्टोबरात आम्रपालीचा निरोप आला, 'सर, घरी येता का? दापोडीला.' मी गेलो. गल्ली आता ओळखू येत नाही, सगळीकडे दुमजली-तिमजली चढलं आहे, पण घरात बाबासाहेबांचे आणि बुद्धांचे फोटो त्याच भिंतीवर आहेत. कस्तुराबाईंनी "जय भीम सर, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. आम्रपालीनं मला एक कागद दिला. के-सहाला दुप्पट प्रमाणाची परवानगी मिळाली होती. समितीचं टिपण दीड पानाचं. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठी करून सांगितलं.

'सेवनाचा अंदाज प्रमाणित प्रश्नावलीवर आधारित असून, मूळ भाषातज्ज्ञाने प्रश्नावलीच्या भाषेचा फेरविचार केल्याचे जोडपत्र चौदावरून दिसते. सबब आकडा ग्राह्य.'

मी दोनदा ऐकलं. माझं पत्र मराठीत होतं. फाइलीच्या अनुक्रमणिकेत त्याच्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, 'अनुवादकाचे पत्र, प्रश्नावलीच्या भाषेसंदर्भात.' वाचणाऱ्यानं तेवढं वाचलं होतं. नऊशे चाळीस पानं, अशा किती फायली टेबलावर असतील कोण जाणे. त्या माणसानं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. मीही बारा वर्षं तो अहवाल शोकेसमध्ये ठेवून दिला होता आणि अभिमान बाळगला होता.

"मी पुन्हा लिहितो," मी म्हणालो. आवाज चढला होता. "इंग्रजीत लिहून घेतो कुणाकडून तरी. वर्तमानपत्रात देतो."

"नको सर." ती शांत होती, आणि मला तेच सहन होत नव्हतं. "आधी नुसता आकडा होता. आता त्याला तुमच्या पत्राचा टेकू आहे, माझ्या सहीचा आहे, आणि समितीच्या टिपणाचा आहे. पुढच्या फाइलीत हे तिन्ही लागतील. आपण जितके कागद घालतो, तितका तो पक्का होत चाललाय."

"मग तू काय करणार?"

"बढती दिलीय मला. विभागप्रमुख. प्रितमसर मुंबई ऑफिसला गेले." तिनं कागदाची घडी घातली. "सोमवारी नवी फाइल येतेय. चॉकलेटच्या गोळ्यांची. त्यातही नऊ ग्रॅमच आहे."

मला तिची माफी मागायची होती. सातवीतल्या त्या पोरीला 'बस खाली' म्हणालो होतो तिथपासूनची मागायची होती. मी नुसता खिशातला पेन चाचपत बसलो. एरवी शब्दांना कधी कमी पडलो नाही मी.

तेवढ्यात श्रद्धा बाहेरून आली. उजव्या हाताच्या पाची बोटांत पिवळ्या नळ्या होत्या. ती माझ्यापुढे उभी राहून पंजा हलवून दाखवू लागली, राजाच्या अंगठ्या असाव्यात तशी. आम्रपालीनं तिला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या बोटातली एक नळी दातांनी काढून खाल्ली. मग दुसरी. श्रद्धा हसून ओरडत होती, "आत्या, माझी! आत्या, सगळ्या तूच खातेस रोज!" आम्रपाली चावत होती. तिसरी खाल्ली. चौथी खाल्ली. मी तिच्याकडे बघत होतो आणि तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आतून कस्तुराबाई ताट घेऊन आल्या. वरणभात होता, वर लिंबाची फोड. त्यांनी ते दोघींच्या पुढे ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे तक्रार केली.

"तुम्ही तरी सांगा हो सर हिला. पोरगी तर काही खातच नाही, आणि आता ही पण तिच्यासारखीच झालीय. कंपनीतून आल्यापासून बघतेय मी, हिच्या पोटात काही नाही."